सर मऊ कसे पडले

त्याला सगळे दातवाला म्हणत. घरातले सोडून. घरात बायको 'अहो' म्हणे आणि सासूबाई 'जावईबापू'. शब्द तसा मानाचा. पण सासूबाई तो अशा काही आवाजात उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, हजेरी चाललीय आणि आपण गृहपाठ विसरलोय.

दातवाला काही डॉक्टर नव्हता. डॉक्टर म्हणजे पुढच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाई. त्या पांढरा कोट घालत, लोकांना आ करायला लावत आणि माप घेत. ते माप मागच्या खोलीत येई. मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं, मेण वितळवायचा दिवा होता, प्लास्टरचं पोतं होतं, आणि भिंतीवरच्या फळीवर आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे ओळीने हसत बसलेले असत. त्यांच्यासमोर बसून दातवाला कवळ्या घडवी. हिरडीचा गुलाबी रंग मनासारखा उतरला नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सुळा केसभर वाकडा दिसला तर उपटून परत बसवी. "अहो, द्या आता, पेशंट केव्हाचा उपाशी आहे," असं बाई दारातून ओरडल्या, तर हा मान वर न करता म्हणे, "उपाशी राहिलेला बरा, बाई. वाकडं चावलेलं नको." 'चालेल' हा शब्द त्या खोलीत कुणी कधी ऐकला नव्हता.

त्याची एकच खोड होती. कानस घेऊन कवळी घासायला बसला की तो मनातल्या मनात सासूबाईंना उत्तरं देई. घरी त्याला उत्तर कधी सुचत नसे. सुचलंच तर जिना उतरताना, आणि तेव्हा परत वर जाणं बरं दिसत नाही. मग दिवसभर कानस फिरायची आणि एकेक उत्तर निघायचं. कानशीच्या एका फटक्याला एक उत्तर. फळीवरचे जबडे दाद द्यायला होतेच.

सासूबाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. तिथे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या मुली आता स्वतः आज्या झाल्या होत्या, पण रस्त्यात बाई दिसल्या की अजून पाठ ताठ करत. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे राहायला आल्या आणि येताना दोनच वस्तू घेऊन आल्या: एक छत्री आणि एक रेडिओ. छत्री कोपऱ्यात राहिली. रेडिओ जेवणाच्या टेबलावर मधोमध बसला, आणि त्या रेडिओतून रोज संध्याकाळी सर बोलू लागले.

सर म्हणजे एका मालिकेतले हेडमास्तर. मालिका शाळेची होती. तिच्यात ऐन वेळी बंद पडणारी घंटा होती, कॉपी करणारी पोरं होती, पेंगणारा शिपाई होता, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सर होते. सरांचा आवाज असा खणखणीत की कपाटातले कप किणकिणत. "शिस्त म्हणजे शिस्त!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "स्वच्छ शर्ट, स्वच्छ अक्षर, स्वच्छ विचार!" हे दुसरं. "सबब सांगू नकोस!" हे तिसरं. स्वतःच्या बायकोलाही सर "ऐकलंस का" यापलीकडे हाक मारत नसत. त्यांनी कुणाला माफ केलेलं, कुणाची पाठ थोपटलेली, कुणाला 'बस' म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंच्या मते जगात धड माणूस असा हा एकच. घरात काहीही झालं, दूध नासलं, वीज गेली, पाहुणा न कळवता आला, की त्या क्षणभर डोळे मिटत आणि विचारत, "सरांनी काय केलं असतं?" उत्तर दर वेळी एकच निघे. सरांनी झाडलं असतं. मग त्या झाडत.

एके दिवशी सकाळी ओल्या टॉवेलवरून झालं. दातवाल्याने अंघोळ करून टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला होता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "खुर्चीवर बसतात. टॉवेल दोरीवर टाकतात. या दोघांना त्यांची जागा ठाऊक आहे. शिस्त नाही ती तुम्हाला."

"विसरलो, आई."

"सबब सांगू नका. सर असते तर तुम्हाला तो टॉवेल डोक्यावर धरून उभं केलं असतं."

बायकोने भाजीत तोंड खुपसून हसू लपवलं. दातवाला गुपचूप टॉवेल दोरीवर टाकून कामावर गेला. आणि त्या दिवशी त्याला उत्तरं अशी सुचली, अशी सुचली की बस. 'खुर्ची माझी, टॉवेल माझा, भाडंही मीच भरतो!' घर्र. 'तुमच्या सरांना सांगा, आधी स्वतःची घंटा दुरुस्त करा!' घर्र. हातात होती ती वरच्या जबड्याची कवळी. समोरच्या दातांच्या मागे, टाळूवर, एक छोटासा उंचवटा ठेवावा लागतो. बोलताना जीभ तिथे टेकते, आणि 'स' हा 'स'सारखा निघतो. दातवाल्याची उत्तरं संपली तेव्हा तो उंचवटाही संपलेला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या ते लक्षात आलं नाही. मन मोकळं झालं होतं. त्याने कवळी चकचकीत पॉलिश केली, डबीत घातली आणि पुढच्या खोलीत पाठवून दिली. पेशंटला त्याने पाहिलंही नव्हतं. मागच्या खोलीत पेशंट म्हणजे फक्त प्लास्टरचा जबडा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर बिघडले.

संध्याकाळी तिघंही टेबलाशी बसले होते. मालिकेत एका पोराने वर्गाची काच फोडली होती, शिपाई त्याला कान धरून सरांपुढे घेऊन आला होता. सासूबाई पुढे सरकून बसल्या. आता झाडणार.

"राहू दे रे बाळा," सर म्हणाले. "काच काय, नवी येईल. तुला लागलं तर नाही ना?"

सासूबाईंनी रेडिओला एक थापट मारली. त्यांना वाटलं, स्टेशन सरकलं.

"अगं लाडके," सर पुढे बायकोला म्हणाले, "थोडा चहा दे ना गं."

दातवाल्याचा घास हातातच राहिला.

"लाडके?" सासूबाई म्हणाल्या. "आजवर 'ऐकलंस का' म्हणणारा माणूस आणि एकदम 'लाडके'?"

"वय झालं असेल, आई," बायको म्हणाली.

"वय झाल्यावर माणूस जास्त ओरडतो. ताप आहे त्यांना. उद्या उतरेल."

उद्या काही उतरला नाही. उद्या सरांनी गृहपाठ न केलेल्या पोराला सांगितलं, "तू रडू नको. गणित काय, पुढल्या जन्मी येईल." परवा त्यांनी पेंगणाऱ्या शिपायाला "अहो भाऊ, तुम्ही आडवे व्हा, घंटा मी वाजवतो" असं म्हणून खरोखरच घंटा वाजवली. पुढे तर एक अख्खा भाग सर मैदानात पोरांना घेऊन बसले आणि म्हणत राहिले, "आभाळ बघा रे, किती निळं." 'शाळा' हा शब्दही त्यांच्या तोंडून ऐकू येईना. 'आपलं हे घर' असं काहीतरी म्हणायचे.

सासूबाईंनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क लढवले. ताप टिकेना तेव्हा त्या म्हणाल्या, बायकोने चहातून काहीतरी पाजलं असणार, म्हणून तर लाडके. मग म्हणाल्या, हा सरांचा जुळा भाऊ, खऱ्या सरांना कुठेतरी कोंडून ठेवलंय. जावयाला त्यांनी रेडिओ स्टेशनला फोनही लावायला लावला. तिकडून कुणीतरी "कळवतो" म्हणालं. शेवटी एका संध्याकाळी रेडिओ बंद करून त्या म्हणाल्या, "सर काही करतात ते विचार करून करतात. काहीतरी असेल त्यात. आपल्याला कळत नाही म्हणजे नाहीच असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर ओला टॉवेल होता. दातवाल्याला दाढी करताना आठवण झाली आणि त्याची पाचावर धारण बसली. तो अर्ध्या फेसासकट धावत बाहेर आला. सासूबाई खुर्चीसमोर उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले. ओठ काहीतरी पुटपुटले. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "राहू द्या, जावईबापू. टॉवेल काय, वाळेल."

दातवाल्याचा वस्तरा खाली पडला.

तिथून पुढे जे दिवस आले, ते त्या घराने कधी पाहिले नव्हते. दातवाला पाय टेबलावर ठेवून पेपर वाचू लागला. बायको दुपारी झोपू लागली, तीही आडवी-तिडवी, तोंड उघडं टाकून. चहाचे कप जिथे प्यायले तिथेच राहू लागले. एका रविवारी तर दोघं नवरा-बायको रात्रीच्याच कपड्यांत दुपारपर्यंत पत्ते खेळली, आणि सासूबाई शेजारून जाताना म्हणाल्या, "खेळा बाळांनो." कामावर दातवाल्याची कानस गप्प झाली. उत्तर द्यावं असं काही उरलंच नव्हतं. तो शीळ घालत काम करी. फळीवरचे जबडेही जरा जास्तच हसतायत असं त्याला वाटे.

अशात एका सकाळी मागच्या खोलीच्या दारावर टकटक झाली.

दारात एक छोटासा माणूस उभा होता. अंगात मोठ्या मापाचा कोट, हातात टोपी, चेहऱ्यावर असा भाव की आपण जन्माला आलो त्याबद्दल त्याला सगळ्यांची क्षमा मागायचीय. आत येताना त्याचा धक्का स्टुलाला लागला, तर तो स्टुलाला 'माफ करा' म्हणाला.

"बाईंनी पाठवलं," तो हळूच म्हणाला. "कवळीचं थोडं बघता का? घाई नाही. म्हणजे आहे, पण नाही."

"काय होतंय? टोचते?"

"नाही हो. उत्तम आहे. खाताना तर फारच छान. फक्त..." त्याने मागे वळून दार लावलं, तोंडावर हात धरला आणि म्हणाला, "शिस्त."

म्हणजे तो म्हणाला 'शिस्त', पण ऐकू आली ती शिट्टी. अशी लांब, अणकुचीदार शिट्टी की खिडकीतलं कबुतर उडालं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलचा ब्रेक दाबला.

दातवाल्याने कान टवकारले. शिट्टीच्या मागे जो आवाज होता, तो रोज संध्याकाळी त्याच्या घरातले कप किणकिणवणारा आवाज होता.

"तुम्ही..." तो म्हणाला.

"हो. तो हेडमास्तर मीच करतो." माणसाने मान खाली घातली, आणि पुढचं सगळं तोंडावर हात धरून, शिट्ट्या दाबत सांगितलं. "च आणि ज जेमतेम निभावतात. स आणि श आला की संपलंच. पहिल्या दिवशी माइकपुढे 'शिस्त म्हणजे शिस्त' म्हणालो, तर बाहेरचा कुत्रा आत आला. पुन्हा म्हणालो तर गल्लीतले सगळे आले. चहावाल्याला वाटलं, त्यालाच बोलावतायत, तो किटली घेऊन आला. शेवटी आमचे लेखक म्हणाले, आजच्यापुरते हे दोन्ही काढून टाकू. आणि बघा ना, दादा, सरांच्या तोंडातून स आणि श काढला तर काही उरतच नाही. शिस्त नाही, शिक्षा नाही, सबब नाही, सरळ उभा राहा नाही. जे उरतं ते सगळं असं..." तो लाजला. "लाडके वगैरे."

दातवाल्याने त्याच्या हातून कवळी घेतली आणि खिडकीशी धरली. टाळूवरचा उंचवटा पार गुळगुळीत. टॉवेलच्या दिवशीचा कानशीचा एकेक फटका त्याला आठवला.

"तुम्ही इतके दिवस आला का नाहीत?"

"मला वाटलं माझीच जीभ चुकतेय. तुमचं काम किती नाव घेण्यासारखं! पण आता लेखक अगदी रडकुंडीला आलेत. परवाच्या भागात शाळेचा निकाल आहे. 'पास' आणि 'नापास' म्हणावं लागणार, आणि दोन्हींत..."

काम अर्ध्या तासाचं होतं. जरासा गुलाबी मसाला लावायचा, उंचवटा करायचा, पेशंटला बोलायला लावायचं, झालं. दातवाल्याने मसाल्याच्या डबीकडे हात नेला. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढे रविवार आला. पत्ते आले. 'खेळा बाळांनो' आलं.

हात परत आला.

"याला वेळ लागेल हो," तो म्हणाला, आणि आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच खरं वाटेना. "मसाला मागवावा लागेल. पुढच्या आठवड्यात या. तोवर चालेल."

पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाईंच्या हातून काहीतरी खणकन पडलं. त्या दारात आल्या.

"तुम्ही आत्ता 'चालेल' म्हणालात?"

"नाही बाई."

"म्हणालात. बरं वाटतंय ना तुम्हाला? बघू, आ करा."

छोटा माणूस कवळी परत तोंडात बसवून, आभार मानत, स्टुलाला वळसा घालत निघून गेला. दातवाल्याने दिवसभर एकही दात धड बसवला नाही.

घरी गेल्यावर त्याने सासूबाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. आपल्याच सुखात असलेल्याला दुसरं दिसत नाही, तसं त्याचं झालं होतं. सासूबाई सुकल्या होत्या. पाठ, जी टेलिफोन ऑफिसातल्या खुर्चीलाही कधी टेकली नव्हती, ती वाकली होती. दारात पेपरवाल्याने संध्याकाळचा पेपर फेकला तो थेट बादलीत. त्या बादलीतून पेपर काढताना सासूबाईंच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, आणि तरी त्या म्हणाल्या, "राहू दे रे बाळा." मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पुसलेलीच ताटली पुन्हा पुसली. मग पुन्हा.

निकालाच्या भागात सर पोरांपुढे उभे राहिले. "बाळांनो," ते म्हणाले, "तुम्ही एकूण एक उत्तीर्ण!" पोरांनी आरडाओरडा केला. कुणीतरी विचारलं, कॉपी करताना पकडला गेला तो मुलगाही?

"तोही," सर म्हणाले. "कॉपी केली, पण किती मन लावून केली!"

सासूबाई उठल्या. रेडिओही बंद न करता आपल्या खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. लेक चहा घेऊन गेली तर घेतला नाही. डॉक्टरला बोलावू का विचारलं तर नुसता हात हलवला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सगळे पास. कॉपी करणारासुद्धा. मग मी जन्मभर ताठ बसले ती कशाला गं?"

हे दारामागून दातवाल्याने ऐकलं. त्याला आपण कवळीवाले नसून कुणीतरी दरोडेखोर आहोत असं वाटलं. सकाळी बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिथे जाऊन त्याने तिला सगळं सांगून टाकलं. कानस, उंचवटा, शिट्टी, कुत्रे.

बायको आधी हसली. इतकी हसली की चिमटे खाली रस्त्यावर पडले. मग तिने ओल्या उशीच्या अभ्र्याने नवऱ्याच्या दंडावर एक फटका दिला. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"किती सुखात होतो गं आपण."

"होतो खरे," ती म्हणाली. तिने अभ्रा झटकून दोरीवर टाकला. "पण आई नाही हो ही. ही कुणीतरी आईच्या साडीतली बाई आहे. मला भीती वाटते तिची. काल मी दूध सांडलं, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिने. मला रडूच आलं. आत्ताच्या आत्ता जा आणि त्या माणसाला बोलवा."

दातवाल्याने तसंच केलं. छोटा माणूस तासाभरात धावत आला. दातवाल्याने 'मसाला आला' एवढंच सांगितलं आणि कामाला बसला. त्या दिवशी त्याचं काम बघण्यासारखं होतं. उंचवटा चढवला, घासला, बोटाने चाचपला, पुन्हा चढवला. मनात एकही उत्तर नाही. कवळी पाण्यात बुडवून त्याने माणसाच्या हातात दिली.

"म्हणा."

"शिस्त," माणूस पुटपुटला. शिट्टी नाही. 'स' असा निघाला, जसा रेशमावरून हात फिरावा.

"मोठ्याने म्हणा."

"इथे नको हो. बाहेर पेशंट आहेत. बिचारे आधीच घाबरलेले."

एवढ्यात दार उघडलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात छत्री. बायकोच्या पोटात काही राहत नाही हे दातवाल्याला लग्नापासून माहीत होतं, पण गोष्ट इतक्या वेगाने इथवर पोचेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सर कुठे आहेत?" सासूबाईंनी विचारलं.

दातवाल्याने बोट दाखवलं. सासूबाईंनी छोट्या माणसाकडे पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"हे?"

"नमस्कार," माणूस उठून म्हणाला. "बसा ना, आई."

आवाज ऐकला मात्र, सासूबाईंची पाठ आपोआप ताठ झाली. पण क्षणभरच. मग त्यांनी छत्री टेबलावर आपटली. फळीवरचा एक जबडा दचकून मिटला.

"लाडके म्हणालात तुम्ही."

"लेखकांनी लिहिलं तसं..."

"लेखकाला काय कळतं? तो येऊन-जाऊन असतो. सर तुमच्या तोंडात राहतात. 'लाडके' वाचल्याबरोबर तुम्हाला कळायला हवं होतं की हे सर नव्हेत. दात नव्हते तर गप्प बसायचं. सर नुसते खाकरले असते तरी आम्हाला पुरलं असतं. आता म्हणा."

"शिस्त म्हणजे शिस्त," माणूस म्हणाला.

"हे काय? उसनं दूध मागताय शेजारी?"

"शिस्त म्हणजे..."

"पोटातून! असं!" आणि सासूबाईंनी, इतक्या दिवसांचं गिळलेलं सगळं एकवटून, खिडकीची तावदानं थरथरतील अशी गर्जना केली. "शिस्त म्हणजे शिस्त!"

छोट्या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. त्याने कोटाची बटणं लावली, छाती फुगवली. "शिस्त म्हणजे शिस्त!"

"सबब सांगू नकोस!"

"सबब सांगू नकोस! सरळ उभा राहा!"

"स्वच्छ शर्ट!"

"स्वच्छ अक्षर!"

पुढच्या खोलीत दाढ काढायला आलेला एक लठ्ठ गृहस्थ खुर्चीतून उठून भिंतीशी सरळ उभा राहिला. दुसऱ्याने कुणी न सांगता आ वासला. तिसरा गालाला बांधलेला रुमाल सावरत जिन्यावरून पळाला, तो पुढे कधी कुणाला दिसला नाही. डॉक्टरीणबाई चिमटा घेऊन धावत आल्या आणि दारातच थबकल्या, कारण "तोंड बंद!" असं दोघंही एकदम त्यांच्याकडे वळून ओरडली.

बाहेर पडताना सासूबाईंचे गाल लाल झाले होते. त्या जिना उतरल्या त्या मुलीसारख्या. उतरता उतरता म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या बाहीला प्लास्टर लागलंय. शोभतं का?" दातवाल्याला इतकं बरं वाटलं की त्याला बाही झटकायचंही सुचेना.

घरी घडी बसली. टॉवेल दोरीवर गेला, पाय टेबलाखाली. दोन-चार दिवसांतच दुरुस्त कवळीतला पहिला भाग लागला. सरांना मध्यंतरी मेंदूज्वर झाला होता आणि त्या भरात ते काहीबाही बरळत होते, असं निवेदकाने आधीच सांगून टाकलं. "म्हटलं नव्हतं मी?" सासूबाई म्हणाल्या. "ताप." आणि त्या पुढे सरकून बसल्या.

लेखकाच्या मनात इतके दिवस कोंडलेले स आणि श बांध फुटल्यासारखे बाहेर आले होते. "सबब सांगू नकोस! सरळ उभा राहा! शिस्त, शिस्त आणि शिस्त!" सर कडाडले. कप किणकिणले. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. मग सरांनी शिपायाला "सुस्त, शतमूर्ख" म्हणून सोलून काढलं. सासूबाईंची मान थांबली. मग सर बायकोवर साखर सांडल्याबद्दल ओरडले. मग आजारी पोराची रजा मागायला आलेल्या एका आईला त्यांनी असं काही सुनावलं की ती रडत बाहेर गेली.

सासूबाईंनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"अहो आई," दातवाला कळवळून म्हणाला, "आता काय झालं? सगळे स बरोबर आहेत! मी स्वतः तपासलेत!"

"स बरोबर आहेत. सर चुकलेत." सासूबाई म्हणाल्या. "शिस्त म्हणजे आरडाओरडा असं कुणी सांगितलं तुम्हाला? आजारी पोराच्या आईवर सर कधीच ओरडणार नाहीत. मरेपर्यंत नाही."

"मग काय करतील?" लेकीने विचारलं.

सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती बाई आत येईल," त्या म्हणाल्या. "सर मान वर करणार नाहीत. म्हणतील, अर्जावर सही नाही. ती घाबरेल. तिला लिहिता येत नाही, हे सरांना ठाऊक आहे. मग सर म्हणतील, या शाळेत बिनसहीचा अर्ज चालत नाही, बाहेर जा. ती जाईल. मग सर टोपी घालतील..."

त्यांचा आवाज खाली आला होता. दातवाला आपल्या नकळत पुढे सरकला. सर टोपी घालून त्या पोराच्या घरापर्यंत चालत गेले, वाटेत शिपायाला झाडलं ते त्याच्याकडून वाट विचारून घ्यायला, दारात उभं राहून 'हा मुलगा गैरहजर का' म्हणून ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. हात काढून म्हणाले, "उद्या आलास तर छडी." इकडे टेबलाशी बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि त्याच पदराआडून फिसकन हसली. सासूबाईंनी सरांचा आवाज काढला, पोराचा काढला, दाराची कडीही तोंडाने वाजवली.

मध्येच स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. बायको उठायला लागली.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "मी बोलतेय."

बायको बसली.